बारा दाण्यांचं कडं

माझी नात मिनल जन्मली तेव्हा मी नागपूरच्या टिमकीतल्या आमच्या खोलीत मागावर बसलो होतो. शेजारचा गडी बातमी घेऊन धावत आला, तो इतका धापा टाकत होता की पोरगा की पोरगी हे सांगायच्या आधी त्यानं दोन लोटे पाणी पिऊन घेतलं. मी म्हटलं, "बावा, पाणी मंग पेजो, आधी बोल." तर म्हणतो, "पोट्टी झाली काका, अन् अशी वरडून राहिली का अख्खा वार्ड उठून बसला." मला इतका आनंद झाला की हातातला धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांबाहेर सुटला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि कुलदैवताच्या फोटोची काच गेली. त्यावरून घरात तीन दिवस बोलणी खाल्ली.

मिनल काही मोठी बाई नाही. पेपरात तिच्याबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्यातही नाव नव्हतं. 'खासगी कंपनीची एक कर्मचारी' एवढंच. कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधला सामान चढवायच्या लिफ्टचा दोर, तिनं त्या दोराला दिलेला चांगुलपणाचा कागद, आणि तो कागद परत घ्यायला तिनं मारलेल्या चकरा, हे सगळं त्या चार ओळींत कसं मावणार? म्हणून मी लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवी, तेही उमरेडकडच्या खेड्यातलं. हात वळवळतो, वाक्य वाकडं जातं. सांभाळून घ्या.

चुंबकाची ओढ तिला माझ्याकडून लागली असं घरचे म्हणतात. आमच्या शाळेत गुरुजींजवळ नालाच्या आकाराचा एक चुंबक होता. कपाटात, कुलपात. वर्षातून एकदा बाहेर काढायचे, आम्हाला टाचण्या उचलून दाखवायचे, की पुन्हा कुलूप. एके वर्षी धोंडबा नावाच्या आमच्या दोस्तानं तो लांबवला आणि लपवायला जागा सापडेना म्हणून शाळेपुढे उभ्या असलेल्या एका बैलगाडीच्या चाकाला, लोखंडी धावेला आतून चिकटवून दिला. गाडी निघून गेली बाजाराला. पुढचे आठ दिवस गुरुजी गावात येणाऱ्या हरेक गाडीमागं वाकून वाकून चालत होते, आणि गाववाल्यांना वाटलं गुरुजींना कंबरेचा आजार झाला. ही गोष्ट मी मिनलला ती चार वर्षांची असताना सांगितली असेल, ती एवढी हसली की मला ती पुढे शंभरदा सांगावी लागली. सातव्या वर्षी तिनं बंद पडलेल्या रेडिओचा भोंगा फोडून त्यातला चुंबक काढला. मग गल्लीत कुणाच्या शिवणयंत्राची सुई पडो, कुणाच्या कानातल्याची फिरकी पडो, "मिनलले बोलवा" अशी हाक यायची. फिरकी सोन्याची असली की चुंबक काही कामाचा नाही हे तिनंच बायकांना शिकवलं, आणि एका बाईचं सोनं चुंबकाला चिकटलं तेव्हा त्या घरात जे महाभारत झालं ते वेगळंच.

तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. आमच्या धकाते घराण्यात मागाच्या फणीशिवाय दुसरं यंत्र हातात घेणारी ती पहिलीच. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लागली. मालक अभिजीत म्हणून तरुण इंजिनियर, माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. तिथं तिनं दोन वर्षं खपून एक कडं बनवलं.

हे कडं म्हणजे काय ते मला तिनं जेवताना, पोळीची गुंडाळी करून समजावलं होतं. ही गुंडाळी म्हणजे लोखंडी तारांचा दोर. बाहेरून धड दिसतो, पण आत एखादी तार तुटलेली असली तर डोळ्याला कळत नाही. मग दोराभोवती दोन अर्ध्या भागांचं कडं बसवायचं. त्यात जोरदार चुंबक. चुंबकाचा जोर दोरातून वाहतो, नळातून पाणी वाहावं तसा. जिथं तार तुटली तिथं तो बाहेर झिरपतो. ती गळती पकडायला कड्याच्या आतल्या अंगाला गोल बसवलेले बारा सेन्सर, प्रत्येक उडदाच्या दाण्याएवढा. आमच्या घरात त्यांना दाणेच म्हणायचे.

"दाण्याच्या आतून बारीक वीज जाऊन राहते, आबा," ती म्हणाली. "चुंबक जवळ आला का तो त्या विजेले बाजूले ढकलते. किती ढकललं, ते दाणा सांगते. एक दाणा असला त एकाच जागचं कळन. बारा असले त दोराचं पूर्ण अंग कळते."

"म्हंजे ताण्यासारखं," मी म्हटलं. "एक धागा पाहून लुगडं नाही कळत."

"हाव! अस्संच!" ती एवढी खूश झाली की माझ्या ताटात आणखी एक पोळी पडली. सून शामला म्हणाली, "अवं, त्यांची चौथी होय ते."

स्क्रीनवर बारा दाण्यांच्या बारा रेषा उमटायच्या. मी एकदा कारखान्यात जाऊन पाहून आलो. खरंच ताणा पसरल्यासारखा दिसतो. एक गोष्ट मात्र मला फार आवडली. प्रत्येक दाण्याचा शून्य वेगळा. काहीच नसताना एक म्हणतो थोडंसं आहे, दुसरा म्हणतो थोडंसं कमी आहे, आणि आपलं नागपूरचं ऊन लागलं की सगळ्यांचेच शून्य सरकतात. म्हणून ती मापायच्या जागी जाऊन आधी अर्धा तास कडं नुसतं ठेवून द्यायची. लोक विचारायचे, काहून बसल्या मॅडम? ती म्हणायची, "त्याले इथली हवा लागू द्या. नाहीतर घरचं गाऱ्हाणं इथं सांगन." मग बाराही जणांचे शून्य एकेक करून लावायची. इतकी काटेकोर पोरगी.

मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी ती तोंड पाडून आली.

"आबा, सातवा दाणा मेला."

"मेला म्हंजे?"

"काहीही दाखवा, एकच आकडा बोलून राहिला. नवा बाहेरून मागवाव लागते, महिना लागन. अन् मिरचीचा सीझन, कोल्ड स्टोरेजवाल्यांची दोर तपासायले रांग लागली. अकरा रेषा अन् मधात काळी पट्टी असं चित्र दाखवलं, त गिऱ्हाईक म्हणते तुमची मशीनच फुटकी. अभिजीत सर म्हणते, काहीतरी कर."

तेव्हा मी काय केलं असेल? गोष्ट सांगितली. दुसरं मला येतं काय! म्हटलं, "याच्यात तोंड पाडासारखं काय आहे वं? एक डाव उमरेडच्या एका लग्नाचं लुगडं मागावर होतं. नवरीचा मामा दारात बसून. तंबाखू मळे अन् दर पाच मिन्टाले विचारे, झालं का? तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला, अन् त्याचं टोक काही सापडेना. मी काय केलं? तुटक्याले शेजारच्या धाग्यावर भागवलं, अन् विणत गेलो. मामाले काही दिसलं नाही. नवरीच्या मायनं त लुगडं गालाले लावून म्हटलं, असं काम इकडं कोणी करत नाही."

मिनल हसली. मग हसता हसता थांबली. "शेजारच्यावर भागवलं," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीनला तसं शिकवलं. सातव्याचा आकडा वाचायचाच नाही. सहाव्याची आणि आठव्याची सरासरी घ्यायची आणि सातव्याच्या जागी मांडायची. चित्र अखंड झालं. अभिजीतनं सगळ्यांना चहा पाजला. आणि मी? मी टिमकीच्या चौकात पानठेल्यावर उभा राहून चार दिवस सांगत होतो, आमच्या मागाची रीत कॉम्प्युटरमध्ये गेली म्हणून.

पुढच्याच आठवड्यात ती कळमन्याला गेली. पाच मजली कोल्ड स्टोरेज, भिवापुरी मिरचीची पोती खालपासून वरपर्यंत. तिथल्या हमालांचा मुकादम बाबनराव, पन्नाशीचा, उंच, मिरचीच्या धुळीनं भुवया कायमच्या लाल झालेला. तिनं दोराला कडं लावलं तसा तो म्हणाला, "मॅडम, लिफ्टले बांगडी घालून राहिल्या का? लगन कोनाशी लावता?"

"तुमच्याशीच लावतो काका, रोज तुम्हीच बसता नं."

"माह्या घरी एक आहे बाप्पा! वच्छलीनं ऐकलं त मले पाचव्या मजल्यावरून फेकन."

हमाल खो खो हसले. तिनं कडं अर्धा तास ठेवलं, शून्य लावले, दोर वरपासून खालपर्यंत सरकवून घेतला. बारा रेषा सरळ. तिनं कागद दिला: दोर वापरण्यास योग्य. खाली सही. त्या लिफ्टमध्ये माणसांनी बसू नये अशी पाटी होती, पण पोत्यांची थप्पी वर जाताना कलते, ती धरायला कोणीतरी आत उभं राहावंच लागतं. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मिनललाही.

जूनच्या मध्यात नवा दाणा आला. तिनं बसवला. कडं जुन्यासारखंच वाचतं ना, हे पडताळायला तिनं मागची मापं उघडली. त्यात कळमन्याचं होतं. त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच माझ्या खाटेवर येऊन बसली.

"आबा, एक सांगा. मागावर तुम्ही त्या धाग्याले शेजारच्यावर भागवत होते. मंग पुढे त्याचं काय करत होते?"

"काय म्हंजे? लाल सुताचा तुकडा लटकवून ठेवायचा त्या जागी. लुगडं उतरलं का खुणेवरून जागा शोधायची, सुईनं खरा धागा भरून घ्यायचा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तिथून फाटते."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"हे मले त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

काहून नाही सांगितलं? कारण गोष्ट तिथं संपत होती. नवरीची माय लुगडं गालाला लावते, तिथं लोक हसतात, वाहवा म्हणतात. त्यानंतर मी रात्रीतून दीड तास डोळे फोडून सुई घातली, हे सांगायला मजा येत नाही. चाळीस वर्षं मी ती गोष्ट सांगतोय आणि चाळीस वर्षं तो दीड तास गाळतोय. पण हे तिला मी बोललो नाही. म्हटलं, "राहून गेलं वं."

मग तिनं मला दाखवलं. वरून अकराव्या मीटरवर सहाव्या रेषेनं किंचित डोकं वर काढलं होतं. आणि त्याच जागी आठव्यानंही. दोन्ही इतके थोडे, की धोक्याच्या रेषेच्या खाली. दोघांची सरासरीही खालीच. "शेजारचे दोघंही एकाच जागी जरासे दचकले, आबा. म्हंजे मधल्या घरात काहीतरी आहे. अन् मधल्या घरात मी पाहिलंच नाही. पाहिल्याचं चित्र काढलं."

सकाळी ती अभिजीतकडे गेली. तिनं मला जसं सांगितलं तसं लिहितो.

तो म्हणाला, "तुला खात्री आहे का तिथं तार तुटली आहे?"

"नाही सर. मले येवढीच खात्री आहे का मी तिथं पाहिलं नाही."

"मिनल, आपण एकाला लिहून दिलं की माप चुकलं, तर बाकीचे सगळे विचारतील आमचं काय. त्या महिन्यात किती दोर केलेस तू?"

"चौदा. बाकीचे तेरा मी पाहिले. त्यात शेजारचे शांत आहेत. हा एकच आहे. पण खरं म्हणाल त त्या तेरांमध्येही सातव्या घरात मी पाहिलं नाही."

"मग? चौदाही ठिकाणी पत्र लिहायचं? दहा माणसं काम करतात इथं. कळमन्याची पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे, तेव्हा नीट बघू."

"नोव्हेंबरपर्यंत तिथं माणसं चढून राहिली सर."

"पाटी आहे ना तिथं," अभिजीत म्हणाला. आणि कड्याच्या खोलीची किल्ली त्यानं आपल्या खिशात ठेवली.

ती कळमन्याला निघाली तसा मीही सोबत गेलो. म्हटलं पांढरे केस पाहून तरी ऐकतील. तिथला मॅनेजर विक्की, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलताना मान वर करून बोलायचा. मिनलनं सगळं सांगितलं. त्यानं ड्रॉवर उघडला, तिचाच कागद काढला. त्यानं तो लॅमिनेशन करून ठेवला होता.

"मॅडम, हा तुमचाच नं?"

"माहाच."

"सही?"

"माहीच. पण हा चूक आहे."

"अच्छा. मंग आता तुम्ही जे बोलून राहिल्या ते बरोबर, याचा कागद द्या."

"कंपनी देत नाही."

"मंग जो कागद आहे तो खरा, भाई." त्यानं खर्रा गालात सरकवला. "दोर खोलला त नवीन यायले पंधरा दिवस. तोवर एवढे पोते वर कोण नेईन? आजोबा नेतीन का?"

ऑफिसातले सगळे हसले. आणि सवय अशी वाईट, की मीही हसलो. मिनलनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेर बाबनराव भेटला. तिनं त्याला हात जोडले. "काका, तुम्ही तरी आत नका बसू. मी चुकली. दोराच्या एका अंगाचं मले काहीच माहीत नाही."

बाबनरावानं गमछ्यानं तोंड पुसलं. "पोरी, पाठीवर पोतं घेऊन पाच मजले जिन्यानं गेलो, त दोर तुटाच्या आधी मीच तुटन. अन् थप्पी धरली नाही त पोते खाली येतीन, खालचा पोट्टा मरन." मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "बरं, दोन दिवस नाही बसत. तू जेवण कर जाऊन. किती वाळली."

तो दोन दिवस बसला नाही, शब्दाचा पक्का. तिसऱ्या दिवशी दोन ट्रक एकदम लागले.

त्याच आठवड्यात मिनलनं एक नोटीस हातानं लिहिली. 'या दोराचं एक अंग तपासलं गेलं नाही. मी दिलेला कागद चूक आहे. माणसानं आत चढू नये. मिनल धकाते.' मी घरी मागासाठी करतो तशी खळ शिजवून दिली, ती खळ लावून तिनं नोटीस लिफ्टच्या दारावर चिकटवली. खळीनं चिकटवलेला कागद सुटत नाही, खरवडावा लागतो. दुसऱ्या दिवशी खरवडलेला होता. तिनं पुन्हा लावला. पुन्हा खरवडला. तिसऱ्यांदा ती लावत असताना विक्कीनं तिचा फोटो काढून अभिजीतला पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत अभिजीतचा फोन आला: उद्यापासून येऊ नकोस. सरकारी कचेरीतही तिनं अर्ज दिला. तिथल्या बाबूनं अर्ज घेतला, शिक्का मारून पोचही दिली, आणि सांगितलं की साहेब दौऱ्यावर आहेत, आले की पाहतील. ती पोच तिनं पर्समध्ये घडी करून ठेवली. रोज सकाळी काढून पाहायची, जणू त्यावर रात्रीतून काही नवं उमटणार होतं.

आम्ही कळमन्याला जाऊन आलो त्याच्या नवव्या दिवशी दुपारी दोर तुटला.

तिसऱ्या मजल्याच्या वर होती लिफ्ट. आत चोवीस पोती आणि बाबनराव. दोर तुटला तर पाळणा जागीच धरून ठेवणारी लोखंडी पकड असते, पण ती मिरचीच्या बुकणीनं आणि गंजानं अडकलेली होती. तिच्याकडे कोणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. मिरचीची पोती मऊ, म्हणून बाबनरावाचा जीव वाचला असं डॉक्टर म्हणाले. कंबरेखालचं मात्र सगळं गेलं. लोक सांगतात, धूळ एवढी उडाली की अर्धा तास आत कोणाला जाता येईना, आणि बाहेर उभे असलेले सगळे खोकत रडत होते. कोण खोकल्यानं रडतं आणि कोण खरं, कळत नव्हतं.

चौकशी झाली. तुटलेला दोर कापून पाहिला. वरून अकराव्या मीटरवर एकाच पदरात शेजारशेजारच्या तारा तुटलेल्या, त्यांची तोंडं जुनी, गंजलेली. मे महिन्यातही तुटलेल्या असणार. अधिकाऱ्यानं मिनलपुढे लॅमिनेशन केलेला कागद ठेवला आणि तिच्या अर्जाची पोच ठेवली. म्हणाला, "यातलं खरं कोणतं?"

ती म्हणाली, "दोन्हीवर सही माहीच आहे."

अभिजीतनं लिहून दिलं की यंत्रात हा बदल कर्मचाऱ्यानं परस्पर केला. तिनं ते नाकारलं नाही. मी तिला म्हटलं, अवं, चहा पाजला होता की त्यानं, सांग की! ती म्हणाली, "आबा, हात माहा होता." विक्कीचं काय झालं? त्याला दुसऱ्या गोदामात पाठवलं. केस चालू आहे. तारीख पडते, पुढे जाते. बाकीच्या तेरा ठिकाणी मिनल स्वतः पायी-बसनं जाऊन आली. चार जणांनी दोर पुन्हा तपासून घेतले, दुसऱ्या कोणाकडून. नऊ जणांनी तिला चहा दिला आणि कागद दाखवला.

सरकारी दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबनराव शुद्धीवर होता. तिला पाहून त्यानं हात वर केला. "ये. रडू नको वं. तू सांगितलं होतं मले. हात जोडून सांगितलं होतं. मीच चढलो."

त्याची बायको वच्छलाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ठेंगणी बाई, हातात औषधाची पिशवी. ती म्हणाली, "हाव, सांगितलं होतं. मंग पहिले कागद काहून देला होता?"

मी तोंड उघडलं, "त्याचं असं आहे बाई..." आणि पुढे काही आलंच नाही. वच्छलाबाईनं माझ्याकडे मान वळवली. "तुम्हाले नाही विचारलं, बुढेबुवा. इले विचारून राहिली." आणि ती वाट पाहत उभी राहिली. शेजारच्या खाटेवरच्या लोकांनीही बोलणं थांबवलं. मग नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

हा प्रश्न तिनं नंतर पुन्हा कधी विचारला नाही. मिनल दर दोन दिवसांनी कळमन्यामागच्या वस्तीत त्यांच्या खोलीवर जाते. बाबनरावाला कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि वच्छलाबाईला एकटीला तो पेलत नाही. दोघी मिळून करतात. वच्छलाबाई तिला 'धर', 'सोड', 'हळू' एवढं बोलते. बाकी काही नाही. मिनल घरी येते, जेवते, भिंतीकडे तोंड करून झोपते. नव्या नोकरीची तिला दोनदा विचारणा झाली, मापायचंच काम. ती नाही म्हणाली. शामला म्हणते पोरगी सव्वीस वर्षांची आहे, असं कसं चालेल? मला विचारते, तुम्ही काही सांगा ना तिले, तुमचं ऐकते. मी काय सांगू? धोंडबाच्या बैलगाडीची गोष्ट एकदा काढून पाहिली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतली. माझं मन राखायला हसलीही. त्यानंतर मी ती काढली नाही.

मागच्या मंगळवारी मी तिच्याबरोबर गेलो होतो. थंडी पडायला लागली आहे. बाबनराव पाठीवर निजलेला, अंगावर चादर. त्याला मान फारशी उचलता येत नाही, म्हणून पायांकडचं दिसत नाही, आणि पायांना तर काही कळतच नाही.

"मिनल," तो म्हणाला, "पाय झाकले आहेत का वं माहे? थंडीत उघडे राह्यले त सुजते म्हणते डॉक्टर. मले त काही समजत नाही."

"हाव काका, झाकले आहेत."

"पाह्य बरं. वच्छली बाहेर गेली का मले सांगाले कोणी राहत नाही. तू म्हणशीन तेच खरं आता."

मिनल वाकली. चादर पायांच्या बोटांपर्यंत होती, मला माझ्या जागेवरून दिसत होती. तिनं तरी चादर वर केली, दोन्ही पाय पाहिले, टाचा हातात धरून पाहिल्या, पुन्हा चादर घातली, कडा गादीखाली खोचल्या.

"झाकले आहेत," ती म्हणाली. आणि पुन्हा वाकली, खोचलेली कड काढली, पुन्हा पाहिलं.

"बरं बरं," बाबनराव म्हणाला, "आता बस." पण ती तिसऱ्यांदा पाहत होती.